सामाईक वॉशिंग मशीन: दुसऱ्याचे ओले कपडे आपण बाहेर काढावेत का?

ओली टोपली | रविवार, रात्री ९:४०

दिवसभर एकच गोष्ट मनात घोळतेय, म्हणून इथे लिहायला बसले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर कपडे धुण्याची खोली आहे. दोन वॉशिंग मशीन, एक ड्रायर आणि वापरणारी अकरा घरं. त्यातलं एक मशीन आठवडाभर बंद पडलंय. आज सकाळी खाली गेले तेव्हा चालू असलेलं मशीन काम संपवून थांबलं होतं आणि आत कुणाचे तरी कपडे तसेच होते. वीस मिनिटं वाट पाहिली. कुणी आलं नाही, आणि कपडे कुणाचे ते कळायलाही मार्ग नव्हता. शेवटी मी ते काढून ड्रायरच्या वर ठेवले आणि माझे लावले.

तासाभराने परत गेले तर एक बाई ते कपडे पिशवीत भरत होत्या. जिन्यात येताजाता दिसतात, पण बोलणं कधी झालेलं नाही. भांडल्या नाहीत. "तुम्ही माझ्या कपड्यांना हात लावायला नको होता," एवढंच म्हणाल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. मी काही बोलायच्या आत निघून गेल्या.

सकाळी मला वाटत होतं की आपण काही चूक केली नाही. आता तसं वाटत नाही. ड्रायरवर पावडर सांडलेली होती, ती मी पुसली नव्हती. कपड्यांत आतले कपडेही होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे ते वर पडले होते. पण एका मशीनवर अकरा घरं असताना माणसाने थांबायचं तरी किती? आमच्याकडे याचा काही नियम लिहिलेला नाही. तुम्ही मशीन वाटून वापरत असाल तर काय करता? मला खरंच समजून घ्यायचं आहे.

दोरीवरची | रविवार, रात्री १०:०५

तुमचं काही चुकलं नाही. वीस मिनिटं पुष्कळ झाली. आमच्या वसतिगृहात पंधरा मिनिटांचा रिवाज होता आणि तो सगळे पाळायचे. मशीन थांबल्यावर पंधरा मिनिटांत मालक आला नाही, तर पुढच्याने कपडे काढायचे. मशीन ही कपडे ठेवायची जागा नाही.

फक्त काढून कुठे ठेवले याला महत्त्व आहे. स्वच्छ टोपलीत ठेवले असते तर बहुतेक प्रश्नच आला नसता.

चिमटा | रविवार, रात्री १०:३०

मी याच्या अगदी उलट मताचा आहे. सहा वर्षं सामाईक मशीन वापरलं, एकदाही दुसऱ्याच्या कपड्यांना हात लावला नाही. माझ्या मते अंगावरचा कपडा ही माणसाची सगळ्यात खासगी वस्तू. ती हाताळायची तर विचारूनच. दार वाजवायचं, फोन करायचा, तेही जमत नसेल तर थांबायचं. माझा खोळंबा होईल, होऊ दे. तासाभराच्या खोळंब्याने माझं काही जात नाही, पण परक्याने आपले कपडे चिवडले ही भावना माणसाच्या मनातून लवकर जात नाही. त्या बाईंचे डोळे का भरून आले, याचा विचार करा.

दोरीवरची | रविवार, रात्री १०:४४

चिमटा, भावना मान्य. पण माझ्या वसतिगृहात एका मजल्यावर तीसजणी आणि मशीन एक. तिथे एकीने तास घेतला की शेवटचीला रात्रीचे बारा वाजायचे. ज्याच्याकडे वेळ आहे त्याला थांबणं परवडतं. सकाळी कामावर जायला धुतलेला कपडा लागतो तिने काय करायचं?

ड्रमवाला | सोमवार, सकाळी ७:१५

वीसेक वर्षं मी मशीन दुरुस्तीचं काम करतोय. पंधरा मिनिटं की वीस, यावर वाद घालण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण निम्मी भांडणं तिथूनच सुरू होताना पाहिली आहेत. मशीनच्या पडद्यावर जी मिनिटं दिसतात तो अंदाज असतो.

फ्रंटलोड मशीन कपडे किती आहेत ते ड्रम फिरवून चाचपतं आणि त्याप्रमाणे पाणी घेतं. नळाचं पाणी थंड असेल तर तापायला जास्त वेळ. नळाला जोर नसेल तर भरायलाच जास्त वेळ. फेस फार झाला तर काही मशीनं एखादं खळबळणं आपणहून वाढवतात. आणि सगळ्यात जास्त वेळ खातं ते पिळणं. जड चादर एका बाजूला गोळा झाली की ड्रम डगमगतो, मशीन वेग घेता घेता थांबतं, कपडे पसरवून बघतं, परत सुरू करतं. हे तीन-चारदाही होतं. म्हणून पडद्यावर '१ मिनिट' दिसत असताना प्रत्यक्षात दहा मिनिटं गेलेली मी कितीदा तरी पाहिली आहेत. एकटी चादर किंवा एकटी जाड पायपुसणी लावू नका, सोबत चार टॉवेल घाला. भार सगळीकडे सारखा बसतो आणि मशीन वेळेत सुटतं.

मशीन थांबल्यावरही दाराचं कुलूप लगेच उघडत नाही, एक-दोन मिनिटं लागतात. तोवर दार ओढू नका. सामाईक मशीनमध्ये सगळ्यात आधी मोडतो तो हाच भाग, आणि मग अकराही घरं बसून राहतात.

म्हणून माझं म्हणणं असं की गजर पडद्यावरच्या वेळेच्या थोडा आधीचा लावावा आणि खाली पाच मिनिटं आधी पोहोचावं. आणि वाट बघणाऱ्याने आपली पंधरा मिनिटं मशीन खरोखर थांबल्यापासून मोजावीत, पडद्यावर दिसलेल्या वेळेपासून नाही.

रात्रपाळी | सोमवार, दुपारी २:२०

मी रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी येते, कपडे लावते आणि पलंगावर जरा टेकले की झोप लागते. मुद्दाम कुणाला अडवत नाही, पण गजर ऐकू येत नाही. एकदा उठून खाली गेले तर माझे कामावरचे दोन्ही पोशाख जमिनीवर पडले होते, त्यावर कुणाच्या तरी चपलेचा ठसा. पुन्हा धुतले आणि ओलेच घालून कामावर गेले. वर्ष झालं त्याला, अजून आठवलं की वाईट वाटतं. चूक माझीच होती, पण शिक्षा फार मोठी वाटली.

तेव्हापासून मशीनच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवते: घराचा क्रमांक, फोन नंबर आणि 'वेळ झाली असेल तर कपडे खुशाल काढा, पिशवी बाजूलाच आहे.' पिशवी उघडी करून मशीनवर ठेवते. त्यानंतर एकदाही भांडण झालेलं नाही. दोनदा कुणीतरी कपडे पिशवीत भरून ठेवले होते, आणि मला उलट बरं वाटलं.

ओली टोपली | सोमवार, दुपारी ३:०२

रात्रपाळी, तुमचं वाचून पोटात कालवलं. मी जमिनीवर ठेवले नाहीत, पण पावडर सांडलेल्या पत्र्यावर ठेवले, त्यात फार फरक नाही.

पिशवीची कल्पना मला फार आवडली. म्हणजे परवानगी आधीच देऊन ठेवायची.

सुताची गाठ | सोमवार, संध्याकाळी ६:१०

कपडे काढण्याच्या बाजूने एक मुद्दा. ओले कपडे बंद ड्रममध्ये चार-पाच तास राहिले की जो कुबट वास येतो, तो जिवाणूंमुळे. २०१२ साली जपानी संशोधकांनी न वाळलेल्या कपड्यांच्या वासाचा माग काढला तेव्हा मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू मुख्य कारण निघाला. तो धुतल्यावरही कापडात टिकतो आणि ओल मिळाली की पुन्हा वाढतो. म्हणून एकदा वास धरलेला टॉवेल वाळल्यावर ठीक वाटतो आणि भिजला की वास परत येतो.

तेव्हा विसरलेले कपडे काढून मोकळे ठेवणं हे मालकाच्याही भल्याचं. पण इथे एक सीमा मी कधीच ओलांडत नाही: दुसऱ्याचे कपडे ड्रायरमध्ये टाकायचे नाहीत. मदत म्हणूनसुद्धा नाही. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. ओल, उष्णता आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून जाड नमद्यासारखा होतो. तो पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. कपड्याच्या आतल्या पट्टीवर चौकोनात गोल आणि त्यावर फुली असेल तर तो ड्रायरमध्ये घालायचा नसतो. पण दुसऱ्याच्या कपड्यांच्या पट्ट्या वाचत बसणं म्हणजे पुन्हा ते चिवडणंच. त्यामुळे एकगठ्ठा उचलायचे, पिशवीत घालायचे, संपलं. घड्याही घालू नयेत.

दोरीवरची | सोमवार, संध्याकाळी ६:२५

घड्या का नको? मी तर घालून ठेवायचे. चांगलं वाटावं म्हणून.

सुताची गाठ | सोमवार, संध्याकाळी ६:४१

तुमचा हेतू चांगलाच आहे. पण घडी घालायची तर प्रत्येक कपडा हातात घ्यावा लागतो, उलगडावा लागतो, बघावा लागतो. माझ्या बाबतीत एकदा असं झालं, आणि प्रेमाने केलंय हे कळत असूनही मला संकोच वाटला. एकगठ्ठा उचलणाऱ्याने काहीच पाहिलेलं नसतं.

चिमटा | सोमवार, रात्री ८:००

हे मला पटलं. काढावेच लागले तर असेच काढावेत. रात्रपाळींची चिठ्ठीही पटली. माझा विरोध न विचारता हात लावण्याला होता. चिठ्ठी असेल तर विचारणं झालंच.

इवलं झबलं | सोमवार, रात्री ९:१२

माझी अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आमच्या बाळाला इसब आहे. सुगंधी सॉफ्टनरचा जरा अंश राहिला तरी त्याचं अंग लाल होतं आणि ते रात्रभर खाजवत राहतं. आधीच्या घराने कप्प्यात सॉफ्टनर अर्धवट सोडला असेल तर तो आमच्या धुण्यात येतो. कप्पा उघडून पाहिला तर तळाशी निळसर पाणी साचलेलं असतंच.

मी आता दर वेळी कप्पा बाहेर काढून नळाखाली धुते आणि दारालगतचं रबर ओल्या फडक्याने पुसते. शिवाय एक जास्तीचं खळबळणं लावते. त्याने माझा वेळ वाढतो आणि मागचे लोक माझ्यावर चिडतात. प्रत्येकाने आपलं झाल्यावर कप्पा एकदा पाहिला तर माझी वीस मिनिटं वाचतील. सॉफ्टनर वापरू नका असं मी म्हणत नाही. मागे ठेवून जाऊ नका, एवढीच विनंती.

ड्रमवाला | सोमवार, रात्री १०:२०

इवलं झबलं, तुम्ही करताय ते अगदी योग्य आहे. यात मी एक भर घालतो. सॉफ्टनरपेक्षाही जास्त गोंधळ जास्तीच्या पावडरीने होतो. लोकांना वाटतं फेस म्हणजे स्वच्छता. फ्रंटलोडमध्ये कपडे वरून खाली आपटून धुतले जातात. फेस फार झाला की ते त्यावर तरंगतात, आपटत नाहीत, मळ निघत नाही. उरलेला साबण ड्रमच्या बाहेरच्या भांड्याला आणि रबराच्या घडीत चिकटून राहतो, त्यात मळ अडकतो आणि मशीनलाच वास यायला लागतो. टॉपलोडची जास्त फेसाची पावडर फ्रंटलोडमध्ये घालूच नये. पाकिटावर लिहिलेलं माप पुरेसं असतं. पाणी मऊ असेल तर त्याहूनही कमी लागतं, कठीण पाण्याला थोडी जास्त.

मशीन भरण्याचंही तसंच. सात किलोचं मशीन म्हणजे सात किलो कोरडे सुती कपडे, तेही सुतीच्या चक्रावर. सिंथेटिक त्याच्या निम्मे घालावेत, लोकर त्याहून कमी. सुती कपडे भरून झाल्यावर वर तळहाताच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. दोन खेपांचे कपडे एका खेपेत कोंबले की वेळ वाचल्यासारखं वाटतं, पण ते नीट धुतले जात नाहीत, पुन्हा लावावे लागतात, आणि बेअरिंग जातं ते वेगळंच.

आणि खिसे बघा. केसांची पिन, नाणं, ब्रामधली तार, यातलं काहीही ड्रम आणि भांड्याच्या मधल्या फटीत जातं किंवा पंपात अडकतं. बंद पडलेल्या सामाईक मशीनचा खालचा फिल्टर उघडला की मूठभर असाच ऐवज निघतो. ओली टोपली, तुमचं दुसरं मशीन आठवडाभर बंद आहे ना? पाणी आतच साचून राहतंय का?

ओली टोपली | मंगळवार, सकाळी ८:३०

हो, पाणी आतच राहतं आणि घरघर आवाज येतो.

ड्रमवाला | मंगळवार, सकाळी ८:५५

मग आधी पंपाचा फिल्टर पाहायला सांगा. समोर खाली उजवीकडे किंवा डावीकडे छोटं झाकण असतं. आधी वीज बंद करायची, खाली पसरट भांडं ठेवायचं, मग हळूहळू फिरवून उघडायचं. गरम पाण्याचं धुणं नुकतंच झालं असेल तर पाणी निवेपर्यंत थांबायचं. इमारतीची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारून करा. पण दुरुस्तीवाल्याची वाट बघत आठवडा घालवण्यासारखं काम हे नाही.

रंगारी | मंगळवार, सकाळी ११:४०

प्राण्यांचे केस आणि रंग हे दोन विषय राहिले. आमच्याकडे दोन मांजरी आहेत. त्यांची अंथरुणं मी मशीनमध्ये घालण्याआधी कोरडी असतानाच बाहेर झटकतो, चिकटपट्टीच्या रोलरने केस काढतो. केस एकदा ओले झाले की कापडाला चिकटतात आणि ड्रममध्ये मागे राहतात. नंतर येणाऱ्याला त्यांची ॲलर्जी असू शकते. धुणं झाल्यावर ड्रम आणि रबर पुसतो.

नवा गडद कपडा, विशेषतः निळीची जीन्स किंवा गडद लाल, पहिले दोन-तीनदा मी घरी बादलीतच धुतो. रंग सुटायचा तो तिथे सुटतो. तरी मशीनमध्ये काही सांडलं असं वाटलं तर एक रिकामं खळबळणं लावून मगच निघतो.

भट्टीजवळ | मंगळवार, दुपारी १:१५

ड्रायरबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून कळकळीने लिहिते. ड्रायरची जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करा. आपली खेप झाली की लगेच, पुढच्यासाठी ठेवून नाही. जाळीवर जमणारे ते मऊ तंतू कोरडे असतात आणि चटकन पेट घेतात. जाळी तुंबली की हवा खेळत नाही, कपडे वाळायला वेळ लागतो, आतली उष्णता वाढत जाते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने ड्रायरला लागणाऱ्या आगींचं पहिलं कारण साफसफाई न करणं हेच नोंदवलेलं आहे.

तेलाचे कपडे हा दुसरा धोका. मालिशचे टॉवेल, तेल पुसलेली फडकी. धुतल्यावरही तेलाचा अंश राहतो. ड्रायरमध्ये ते तापतं, हवेतल्या प्राणवायूशी त्याची क्रिया होते, त्यातून आणखी उष्णता निघते. गरम असतानाच असे टॉवेल घड्या घालून रचले तर ती उष्णता आत कोंडते आणि गठ्ठा आपोआप पेटू शकतो. ड्रायर शेवटची काही मिनिटं थंड हवेवर फिरतो तो याचसाठी. मागे कुणी उभं आहे म्हणून ती मिनिटं कापू नका, आणि वाट पाहणाऱ्यानेही ती कापायला लावू नयेत. तेलाचे कपडे तर दोरीवरच वाळवा.

नाव नको | मंगळवार, रात्री ११:५०

इथली सदस्य मी आजच झाले, हेच लिहायला. गेल्या वर्षी आमच्या घरात सगळ्यांना खरूज झाली होती. इमारतीत कळलं तर मशीन वापरू देणार नाहीत या भीतीने मी तीन आठवडे सगळं हाताने धुतलं. हात सोलवटले. लोकांसाठी हे योग्य केलं का, की उगीच घाबरले?

रात्रपाळी | बुधवार, दुपारी १:३०

नाव नको, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. इतकं घाबरायची गरज नव्हती. उलट मशीनची गरज तेव्हाच जास्त असते, कारण हाताला सोसवेल एवढ्या पाण्यात खरजेचे किडे मरत नाहीत. पन्नास अंशांच्या वर दहा मिनिटं राहिले की किडेही मरतात आणि त्यांची अंडीही. साठ अंशांचं धुणं आणि नंतर गरम ड्रायर, दोन्हीत हे काम होतं. माणसाच्या अंगावेगळे ते साधारण दोन-तीन दिवसच जगतात. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचं.

शिष्टाचार पाळायचा तो एवढाच: कपडे बांधलेल्या पिशवीत खाली न्या, ओट्यावर किंवा दुसऱ्याच्या टोपलीत पसरू नका, थेट ड्रममध्ये रिकामे करा. गरम धुण्याने ड्रमही साफ होतो. इमारतभर सांगत फिरायची काही गरज नाही. तो तुमचा खासगी आजार आहे. उपचार मात्र घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यायचे असतात, नाहीतर तो फिरून येतो.

नाव नको | बुधवार, दुपारी २:१०

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! खूप आभार.

जुनी पानं | बुधवार, संध्याकाळी ५:४५

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. आपण ज्यावर बोलतोय तो प्रश्न चांगला नव्वद वर्षांचा आहे. १९३४ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थमध्ये विजेची चार मशीनं ठेवून ती तासाच्या भाड्याने वापरायला देणारं दुकान उघडलं. स्वयंसेवा धुलाईघरांची सुरुवात तिथून मानतात. तासाने भाडं म्हटल्यावर वेळ हीच मोजायची गोष्ट झाली.

स्वीडनमध्ये तर इमारतीची सामाईक धुलाईची खोली हा घरबांधणीचाच भाग झाला. तिथे बऱ्याच इमारतींत भिंतीवर एक फळा असतो. त्यावर महिन्याचे दिवस आणि दिवसाचे भाग. प्रत्येक घराला स्वतःच्या चावीचं छोटं कुलूप मिळतं. आपल्याला हव्या असलेल्या वेळेच्या भोकात ते अडकवलं की ती वेळ आपली. ते दुसऱ्याला काढता येत नाही. वेळ सुरू होऊन अर्ध्या तासात माणूस आला नाही तर वेळ मोकळी, असा नियम अनेक ठिकाणी असतो. इतकी चोख व्यवस्था असूनही तिथल्या धुलाईच्या खोल्यांत लोक एकमेकांना रागाच्या चिठ्ठ्या लिहितात, आणि त्या चिठ्ठ्यांना तिकडे खास नावही आहे. मला यातून इतकंच दिसतं की वेळ वाटून देता येते, पण मागे राहिलेले तंतू आणि सांडलेली पावडर कुठलाच फळा पुसत नाही.

रात्रपाळी | बुधवार, संध्याकाळी ७:००

फळा छान आहे, पण माझी पाळी दर आठवड्याला बदलते. आधी वेळ धरायची म्हटलं तर मला कधीच मिळणार नाही. फळा लावलाच तर दिवसातला थोडा वेळ तरी 'येईल त्याचा' म्हणून मोकळा ठेवा.

ओली टोपली | गुरुवार, रात्री ९:२०

काल संध्याकाळी मी त्या बाईंच्या दारात गेले. रात्रपाळी आणि नाव नको यांचे प्रतिसाद वाचून हिंमत झाली. "काकू, रविवारचं मला मनापासून वाईट वाटतंय, मी कपडे नीट ठेवले नाहीत," एवढंच म्हणाले. त्यांनी आत बोलावलं.

त्यांच्याकडे त्यांचे सासरे अंथरुणाला खिळून आहेत. रात्री चादरी ओल्या होतात, कधी दिवसाही. त्या दिवशी खाली मशीन लावलं आणि वर येऊन पाहतात तर पुन्हा सगळं बदलायला लागलं. त्यांना स्वच्छ करून, उचलून, कोरड्यावर निजवेपर्यंत पाऊण तास गेला. हे एकट्याने करतात. मग खाली आल्या तर त्या डागांच्या चादरी आणि सासऱ्यांचे कपडे ड्रायरवर सगळ्यांसमोर पडलेले. "धुऊनही डाग गेलेले नव्हते," त्या म्हणाल्या. "कुणी पाहिलं असेल, काय म्हणतील, आणि त्यांना कळलं तर त्यांना काय वाटेल." रडू आलं ते माझ्यावरच्या रागाने नव्हतं.

मी वीस मिनिटं वाट पाहिली होती याचा मला रविवारी अभिमान होता. त्यांची ती वीस मिनिटं कशी गेली असतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी एक विचारलं आहे आणि उत्तर मला देता आलं नाही: असे कपडे सामाईक मशीनमध्ये धुतलेले इतरांना चालतील का? त्यांना सतत अपराधी वाटतं. डाग जावेत म्हणून आता ब्लीच घालायचा विचार करतायत.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री ९:४५

ओली टोपली, त्यांना सांगा की अगदी चालतील, फक्त आधी घरी एक पायरी हवी. चादर आधी घरीच थंड पाण्यात खळबळून घ्यायची. घट्ट काही असेल तर ते कागदाने काढून संडासात टाकायचं. गरम पाणी आधी लावलं तर रक्ताचे आणि विष्ठेचे डाग पक्के बसतात, म्हणून पहिलं पाणी थंडच. मग मशीनमध्ये साठ अंश, सुतीचं पूर्ण चक्र. छोटं चक्र नको. मोकळी जागा ठेवून भरायचं.

ब्लीचबद्दल फार जपून. लघवीने ओल्या असलेल्या कपड्यावर ब्लीच ओतायचं नाही. लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन घशाला आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते. व्हिनेगर किंवा दुसरं आम्ल तर त्याच्याबरोबर कधीच नको, त्याने क्लोरीन वायू निघतो. सामाईक कप्प्यात आधीच्या माणसाने काय घातलं ते आपल्याला ठाऊक नसतं, हे विसरू नका. बहुतेक वेळा खळबळणं आणि साठ अंश एवढ्यावर भागतं.

आणि त्यांना माझ्याकडून सांगा की आम्ही रुग्णालयात हे रोज करतो, आणि ज्या घरात रुग्णाची चादर वेळच्या वेळी बदलली जाते त्या घराचा आम्हाला आदर वाटतो.

इवलं झबलं | गुरुवार, रात्री १०:०२

आमची दुपटीही अशीच धुतली जातात. बाळाचं चालतं तर आजोबांचं का नाही चालणार? माझ्यानंतर त्यांनी लावलं किंवा त्यांच्यानंतर मी लावलं, मला काहीही हरकत नाही. कप्पा तेवढा धुतलेला असावा.

चिमटा | गुरुवार, रात्री १०:३०

काकूंना हे शब्द नक्की वाचून दाखवा.

ओली टोपली | रविवार, दुपारी १२:१५

आठवडा झाला, म्हणून काय झालं ते सांगायला आले.

ड्रमवाला, फिल्टरच होता. देखभाल करणाऱ्या काकांनी उघडला. तीन पिना, दोन नाणी, एक बटण आणि लहान मुलाचा अख्खा मोजा निघाला. दुसरं मशीन चालू झालंय.

काकू आणि मी मिळून खोलीत एक छोटी पाटी टांगली. तिच्यावर घराचा क्रमांक आणि मशीन लावल्याची वेळ लिहायची. चक्र किती मिनिटांचं, तेही. आपली पिशवी उघडी करून मशीनवर ठेवायची. पिशवी ठेवलेली असेल तर मशीन थांबल्यावर पंधरा मिनिटांनी पुढच्याने कपडे एकगठ्ठा त्यात घालायचे आणि पिशवी बांधायची. पिशवी नसेल तर आधी दार वाजवायचं. आठ घरांनी होकार दिला. दोन घरं विचार करून सांगतो म्हणाली. एका घराला हे आवडलेलं नाही. वेळ लिहायची म्हणजे कुणीतरी पाळत ठेवल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं आहे. त्यांना आग्रह केला नाही. काकूंची पिशवी जाड कापडाची, गडद निळी आहे. आतलं काही दिसत नाही.

आज सकाळी मी गेले तेव्हा त्यांची वेळ होऊन पंधरा मिनिटं झाली होती. कपडे न बघता पिशवीत घातले, नाडी ओढली, जाता जाता वर त्यांच्या दारात ठेवून घंटी वाजवली. आतून त्यांचा आवाज आला, "दोन मिनिटं हं, यांना कुशीवर वळवतेय." मी थांबले नाही. पाटीवर त्यांच्या क्रमांकासमोर 'वर पोचवले' असं लिहून आले.

दोरीवरची | रविवार, दुपारी १२:४०

फार बरं वाटलं वाचून. पाटीवर खडू वापरताय का? आमच्याकडे खोलीतल्या दमटपणाने खडूची अक्षरं दुपारपर्यंत फिकी व्हायची.

ओली टोपली | रविवार, दुपारी १:०५

खडूच आहे, आणि आजच पुसट झालाय. पांढरा बोर्ड आणि पेन आणते. पेन दोरीने बांधून ठेवायला लागेल.